दहातल्या नऊ वेळा

पुराची हकिगत सांगून सांगून शालनताई खराडे यांना ती पाठ झाली होती. पाणी कधी चढायला लागलं, कुणाच्या घरात आधी शिरलं, होड्या केव्हा आल्या, किती जनावरं दाव्याला बांधलेलीच गेली. जिल्ह्याहून कुणी आलं की ग्रामपंचायतीचा शिपाई दारात यायचा, "ताई, साहेब आलेत, पुराचं विचारतायत." मग त्या पदर सारखा करून जायच्या आणि तेच पुन्हा सांगायच्या. ऐकणारा मान हलवायचा, चहा प्यायचा आणि जायचा.

मोठ्या पुराला आता बावीस वर्षं झाली होती. त्या वेळी शालनताई बेलोंड्याच्या सरपंच होत्या. वारजाई नदीच्या काठावरचं गाव उचलून वरच्या माळावर आणलं ते त्यांनीच. घराघरांत जाऊन लोकांची समजूत काढली होती, पत्र्याच्या शेडमध्ये दोन उन्हाळे लोकांसोबत काढले होते. माळावरच्या गावाला सगळे नवं बेलोंडे म्हणत. ते आता काही नवं राहिलं नव्हतं.

त्यामुळे तालुक्याच्या पूरधोक्याची पाहणी करायला भूशास्त्रज्ञ येणार असं कळलं, तेव्हा शालनताई सवयीनं शाळेच्या व्हरांड्यात जाऊन बसल्या. गाडीतून तिशीतली एक बाई उतरली. नाव समीना तांबोळी. तिनं पुराचं काहीच विचारलं नाही. म्हणाली, "काकू, शाळेच्या मैदानात एक बोअर मारायचं आहे. चालेल ना?"

"इथं पाणी लागत नाही. आमचं बघून झालंय."

"पाणी नकोय मला. माती हवीय."

"आणि पुराचं?"

"तुम्हाला विचारणार आहेच. पण आधी जमिनीला विचारते." समीना हसली. "सरकारी कागदांत इथल्या पुरांचा इतिहास शंभर-सव्वाशे वर्षांचा आहे. नदीचं वय त्यापेक्षा फार मोठं."

दिवसभर यंत्र घरघरत राहिलं. जमिनीतून काळ्या नळ्या बाहेर निघत, आणि आत उजेड जाऊ नये म्हणून त्यांची तोंडं लगेच बंद केली जात. गाडीच्या मागच्या भागात छोटी प्रयोगशाळा होती. तिथं फक्त मंद लाल दिवा. शालनताईंना कुतूहल वाटलं, म्हणून समीनानं त्यांना आत बोलावलं आणि दार लावून घेतलं.

"वाळूत गारगोटीचे बारीक कण असतात," ती सांगू लागली. "उन्हात पडलेला कण कोरा असतो. पण एकदा का तो मातीखाली गाडला गेला, की आजूबाजूच्या मातीतले किरण त्याच्यावर पडत राहतात. अगदी क्षीण, आपल्याला काही न करणारे. त्यांची ऊर्जा थोडी थोडी करून त्या कणात अडकून राहते. जितकी वर्षं अंधारात, तितकी जास्त. आता मी त्या कणावर प्रकाश टाकला, की ती अडकलेली ऊर्जा उजेड होऊन बाहेर पडते. तो उजेड मोजायचा. जास्त उजळला तर जास्त काळ गाडलेला."

"म्हणजे ह्यानं शेवटचं ऊन कधी बघितलं ते कळतं?"

"बरोबर. पूर्वी याला मोठी प्रयोगशाळा लागायची आणि महिने जायचे. आता गाडीतच होतं. त्यामुळे पहिल्यांदाच आख्खा तालुका असा वाचता येतोय. जिथं जिथं पुरानं वाळू टाकली, तिथं तो पूर कधी आला होता ते कळतं."

दोन दिवसांनी समीना शालनताईंच्या घरी आली. स्वयंपाकघरातच पाटावर बसली. चहाचा कप हातात घेतला, पण बराच वेळ प्यायली नाही.

"काकू, अहवाल जिल्ह्याला जाईलच. पण आधी तुम्हाला सांगावंसं वाटलं. या माळाखाली, दोन पुरुष खोल, नदीची वाळू आहे. एक नाही, तीन थर आहेत. सगळ्यांत वरचा साधारण तीनशे वर्षांपूर्वीचा."

शालनताईंना आधी काही अर्थबोधच झाला नाही. "इथं कशी नदीची वाळू येईल? नदी तिकडं खाली आहे."

समीनानं फरशीवर बोटानं घोड्याचा नाल काढला. "वारजाई इथं असं वळण घेते. नालाच्या पोटात तुमचं जुनं गाव आणि ती पांढरीची टेकडी. नालाची दोन टोकं जिथं जवळ येतात, तिथं हा माळ. नदी शेकडो वर्षं वळणानं जाते. जाता जाता वळणात गाळ साचतो, पात्र उथळ होतं. मग एखाद्या मोठ्या पावसात तिला ते वळण झेपत नाही. ती सरळ माळावरून वाट काढते." तिनं दोन टोकं एका रेघेनं जोडली. "अशी. तुम्ही पाहिलेला पूर चढत आला होता. हा चढणार नाही, धावेल. त्या थरांत मुठीएवढे गोटे आहेत."

"आणि आता?"

"वळणातला गाळ परत तेवढाच झालाय. पाऊसही पूर्वीसारखा राहिला नाही, एका दिवसात महिन्याचा पडतो. पुढच्या तीस-चाळीस वर्षांत केव्हातरी होईल. यंदाही होईल, कदाचित तुमच्या हयातीत होणारही नाही."

शालनताई भिंतीला टेकून बसल्या. बाहेर कुणाच्या तरी घरी मिक्सर चालू होता. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "टेकडीवर बोअर मारलंत का?"

"मारलं. राख, खापरं, जुन्या घरांची पांढरी माती. दीड-दोन हजार वर्षं माणसं राहतायत तिथं. नदीची वाळू कुठंच नाही. पाणी माळावरून सरळ निघालं की वळणातला जोर उतरतो, म्हणून खाली असूनही ती टेकडी वाचते. तिथं एक आजोबा भेटले. चहा दिला. तुम्हाला माहीत असतील."

"माझे मालक आहेत ते," शालनताई म्हणाल्या.

मोठ्या पुरात जुनं गाव बुडालं तेव्हा टेकडी तेवढी वर राहिली होती. खराड्यांचं घर टेकडीवर. पाणी उंबऱ्याच्या खाली चार पायऱ्यांवर थांबलं. शालनताई सरपंच म्हणून लोकांबरोबर होडीतून छावणीत गेल्या; त्यांचे यजमान आनंदराव जनावरांपाशी मागं राहिले. पुढं गाव हलवायचं ठरलं तेव्हा आनंदराव म्हणाले, "माझ्या घरात पाणी आलं न्हाई. मी का जाऊ?"

"सरपंचाचंच घर हललं नाही, तर बाकीचे कसे हलतील?" शालनताईंनी विचारलं होतं.

"मग सरपंच जाऊ दे. मी सरपंच न्हाई."

भांडण वाढत गेलं. शेवटी लेकीला आणि एक ट्रंक घेऊन शालनताई माळावर आल्या. आनंदराव दारात उभे राहून म्हणाले होते, "जा. पण त्या माळावर माझं पाऊल पडायचं न्हाई." त्यांनी ते पाळलं. लेकीचं लग्न त्यामुळे तालुक्याच्या गावी करावं लागलं. नवराबायको म्हणून दोघांचं तुटलं नव्हतं. सणाला शालनताई खाली जात, डबा देत, त्यांच्या गुडघ्याचं औषध आणून देत. पण राहायला कधी गेल्या नाहीत. त्यांनीही कधी राहा म्हटलं नाही. अर्ध्या तासाच्या वाटेवर दोन संसार झाले होते, आणि गावालाही त्याची सवय झाली होती.

त्या दिवशी संध्याकाळी शालनताई खाली गेल्या. आनंदराव गोठ्यात शेण भरत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. ऐकताना हसू आलं आणि हसता हसता खोकल्याची उबळ आली. शालनताईंनी पाण्याचा तांब्या पुढं केला.

"हसा," त्या म्हणाल्या. "तुमचंच खरं ठरलं."

"माझं कसलं खरं?" आनंदरावांनी तोंड पुसलं. "मला काय जमिनीतलं कळत हुतं? मी तुझ्याशी भांडण झालं म्हणून ऱ्हायलो. तू हुकूम केल्यागत 'चला' म्हणायच्या ऐवजी नुसतं 'या' म्हणाली असतीस, तर आलो बी असतो."

बावीस वर्षांनी हे ऐकून शालनताईंना राग यायला हवा होता, पण तेवढं बळ अंगात उरलं नव्हतं.

"आता काय करणार?" आनंदरावांनी विचारलं.

"मलाच विचारतील आता सगळे. तुम्ही तरी विचारू नका."

ग्रामसभा झाली. समीनानं मोठ्या पडद्यावर थर दाखवले, नकाशे दाखवले. लोकांनी शांतपणे ऐकलं. आरडाओरडा होईल, कुणी अहवाल फाडेल असं शालनताईंना वाटलं होतं. तसं काही झालं नाही. लोक फक्त दमल्यासारखे दिसत होते. एका म्हातारीनं विचारलं, "म्हंजी परत शेडात ऱ्हायचं?"

हिंदुराव डोंगळे उठले. गाव हलवताना ते उपसरपंच होते. सगळं गाव विरोधात होतं तेव्हा शालनताईंच्या बाजूनं उभे राहिलेले ते एकटेच. आता त्यांचा मुलगा प्रथमेश सरपंच होता.

"बाई," हिंदुराव समीनाला म्हणाले, "तुमचं शास्त्र खोटं आहे असं मी म्हणत नाही. पण माणूस आयुष्यात किती वेळा घर बांधणार? एकदा बांधलं, ते बुडालं. दुसरं बांधलं. आता तिसरं तुम्ही सांगताय."

जिल्ह्याच्या कचेरीनं नवीन जागेचा प्रस्ताव वर पाठवला. जागा मिळायला, मंजुरी यायला काही वर्षं जाणार हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. तोपर्यंत काय, हा प्रश्न होता. समीनाच्या संस्थेनं नदीच्या वळणात तळाशी उपकरणं बसवली. पात्रात गाळ किती, पाणी कोणत्या वेगानं वळतंय, वरच्या डोंगरात पाऊस किती पडतोय, हे सगळं जोडून एक आकडा निघायचा: येत्या दिवसभरात नदी माळावरून धावण्याची शक्यता किती. तो आकडा दहा टक्क्यांच्या वर गेला की गावात भोंगा वाजणार आणि सगळ्यांनी निघायचं. तालुक्याचा रस्ता दोन ओढ्यांवरून जातो, त्यांच्यावरचे पूल सगळ्यांत आधी बुडतात. म्हणजे जायचं तर खाली, टेकडीवरच.

"दहा टक्के म्हणजे?" शालनताईंनी समीनाला विचारलं.

"म्हणजे दहा वेळा भोंगा वाजला, तर नऊ वेळा काहीच होणार नाही."

"नऊ वेळा फुकट?"

"हो."

"नक्की येणार तेव्हाच का नाही वाजवत?"

"वाजवता येईल. पण नक्की कळेपर्यंत पाणी माळाच्या तोंडाशी आलेलं असेल. गाडीवाट बंद झालेली असेल. लवकर सांगायचं तर खात्री नसते, आणि खात्री झाली की उशीर झालेला असतो. यंत्र कितीही सुधारलं तरी यातून सुटका नाही, काकू."

"लोकांना हे सांगू?"

"सांगायलाच हवं. खोटं सांगून एकदा येतील. नंतर येणार नाहीत."

टेकडी खराड्यांची. आनंदरावांना विचारायचं काम शालनताईंकडे आलं. गाव सोडून गेलेली माणसं माळावरून खाली बघून त्यांना वेडा म्हणत, ते त्यांनी बावीस वर्षं ऐकलं होतं.

"ती माणसं आता माझ्या अंगणात बसणार?"

"हो."

"किती दिवस?"

"भोंगा वाजला की. एखादा दिवस, दोन दिवस."

त्यांनी घराच्या मागच्या मोकळ्या जागेकडे पाहिलं. "चुली किती लागतील?" त्यांनी विचारलं.

पहिल्या पावसाळ्यात भोंगा तीन वेळा वाजला. तिन्ही वेळा सगळं गाव खाली आलं. कडेवर पोरं, पिशवीत कागदपत्रं, पुढं म्हशी. टेकडीवर ताडपत्र्या टाकल्या होत्या. आनंदरावांनी मोठ्या पातेल्यात आमटी केली, बायकांनी भाकऱ्या थापल्या. जुन्या घरांच्या जोत्यांवर उभं राहून म्हातारी माणसं पोरांना दाखवत होती, इथं आपलं घर होतं, इथं चावडी. पाणी आलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे परत वर गेले. त्या पहिल्या वेळी जणू जत्राच भरली होती.

अंगण लोकांनी भरलेलं असल्यामुळे शालनताई घरातच झोपल्या. आनंदरावांनी न बोलता त्यांना कॉट दिली, स्वतः ओसरीवर घोंगडं अंथरलं. सकाळी त्यांनी चहा केला. साखर कमी घातली होती. आपल्याला साखरेचा त्रास सुरू झालाय हे आनंदरावांना कुणी सांगितलं, ते शालनताईंनी विचारलं नाही.

दुसऱ्या वर्षी पाच वेळा भोंगा झाला. पहिल्या वेळी निम्मं गाव आलं, नंतर त्याहून कमी. कारणं खरीच असत. कुणाच्या घरी बाळंतीण, कुणाची परीक्षा, कुणाची म्हैस व्यायला झालेली. एकदा सगळे खाली असताना माळावरच्या चार घरांत चोऱ्या झाल्या. तेव्हापासून प्रत्येक घरातलं कुणी ना कुणी मागं राहू लागलं. शालनताई दर वेळी गल्ल्यागल्ल्यांतून फिरत. दार वाजवत, हात जोडत. लोक आता त्यांना पाहून आतूनच ओरडत, "येतो हो ताई, तुम्ही व्हा पुढं." आणि येत नसत.

"तुम्ही त्यांना घाबरवा थोडं," समीना फोनवर म्हणाली. तिच्याही आवाजात थकवा होता. बाकीच्या गावांतही हेच चाललं होतं.

"कशानं घाबरवू? त्यांनी पूर बघितलाय. पुराला ते घाबरतात. दर वेळी उठून जायचा कंटाळा आलाय त्यांना."

नव्या जागेचा प्रस्ताव एकदा परत आला, दुरुस्त होऊन पुन्हा गेला.

तिसऱ्या पावसाळ्याच्या मध्यावर टेकडीवर येणाऱ्यांची पंगत एका ओसरीत बसू लागली. आनंदराव मात्र भोंगा ऐकला की मोठं पातेलंच चुलीवर चढवत. शालनताई एकदा म्हणाल्या, "एवढं कशाला? उरतंय सगळं." ते म्हणाले, "उरू दे. म्हशी खातील." जेवणं झाली की दोघं भिंतीला टेकून बसत. लेकीचं, नातवाचं, कुणाच्या मोतीबिंदूचं बोलणं होई. पाऊस थांबला आणि भोंग्याचा आकडा खाली आला, की शालनताई पदर खोचून उठत आणि माळाची वाट धरत. आनंदराव टेकडीच्या उतारापर्यंत सोबत येत. तिथून पुढं येत नसत.

श्रावण संपत आला होता तेव्हा सकाळी पुन्हा भोंगा झाला. शालनताईंनी तो अंथरुणात ऐकला. आठ दिवसांपूर्वीच एकदा जाऊन आल्या होत्या. अजून पाय दुखत होते. फोनवर आकडा आला होता: चौदा टक्के. त्यांनी तो पाहिला, फोन पालथा ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या. आज नको, असं त्यांना वाटलं. आजचा दिवस कुणाचंच दार वाजवायचं नाही. बाहेर पाऊस सरळ, जड धारांनी पडत होता. गल्लीतून कुणाची पावलं वाजली नाहीत.

दुपार व्हायच्या आधी चौकात कुणीतरी ओरडू लागलं. "कुणी जिवंत हाय का न्हाई ह्या गावात?"

तो आवाज शालनताईंनी ओळखला आणि त्या उठून बसल्या. त्या दारापर्यंत पोचायच्या आतच आनंदराव दारात उभे होते. डोक्यावर पोत्याची खोळ, हातात काठी, धोतर गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेलं. त्यांना धाप लागली होती.

"तुम्ही? इथं?"

"मग काय करू? डाळ शिजून बसलीय. खाणारं एक माणूस न्हाई."

"आज नको वाटलं हो. दर वेळी तेच. आता पाय निघत नाही."

"म्हाईत हाय मला. दहातल्या नऊ वेळा फुकट. ऊठ."

"तुम्हाला वाटतं, आज येईल म्हणून?"

"मला काय कळतंय? मी काय यंत्र हाय?" ते वैतागले. मग दाराच्या चौकटीला धरून, जरा खालच्या आवाजात म्हणाले, "भोंगा झाला की तू येतीस. आज आली न्हाईस. मला करमंना."

शालनताईंनी चपला शोधल्या.

चौकात लोक दारांतून बाहेर डोकावत होते. आनंदा खराडे माळावर आलाय ही बातमी घरोघरी पोचली. स्वतःच्या लेकीच्या लग्नासाठीही जो माळावर चढला नाही, तो भर पावसात चढून आलाय, म्हणजे त्यानं नदीत काहीतरी पाहिलं असणार. रोज काठावर असतो तो. एकानं विचारलं, "काय दिसलं आनंदाकाका?" आनंदरावांनी त्याच्याकडे रागानं पाहिलं. "काय दिसायचंय? चला!" त्या माणसाला तेवढं पुरेसं वाटलं. तो धावत घरात गेला आणि बायकोला हाका मारू लागला. बघता बघता गल्ल्या भरल्या. शालनताईंना कुणाचं दार वाजवावं लागलं नाही.

फक्त हिंदुरावांच्या अंगणात त्या थांबल्या. प्रथमेश आणि त्याची बायको-मुलं निघाली होती. हिंदुराव झोपाळ्यावर बसून होते.

"चला की दाजी," शालनताई म्हणाल्या.

"मी नाही येत. एकदा तुझ्या शब्दावर हललो, आता पुरे."

"आज चौदा टक्के आहे."

हिंदुरावांनी त्यांच्याकडे सावकाश पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. "शालन, खरं सांग. तू स्वतः तरी निघाली होतीस का आज?"

शालनताईंना खोटं बोलता आलं नाही. मागून आनंदरावांनी हाक मारली. हिंदुराव म्हणाले, "जा तू. माझी काळजी करू नकोस. वाटलं तर येईन मागनं."

टेकडीवर पोचून सगळ्यांना आडोसा होईपर्यंत आणि आमटी पुन्हा गरम करेपर्यंत दीड-दोन तास गेले. आधी आवाज आला. विहिरीत मोठा दगड पडावा तसा, पण न संपणारा. सगळे माळाच्या बाजूला धावले. माळाच्या वरच्या अंगाला, जिथं ज्वारीची शेतं होती, तिथं एक तपकिरी पट्टा दिसत होता. तो रुंद होत गेला. पाणी चढलं नाही. ते आलं आणि गेलं, पुन्हा आलं, आणि मग थांबलंच नाही. शाळेची भिंत उभीच्या उभी आडवी झाली. पाण्याची टाकी थोडा वेळ उभी राहिली आणि मग दिसेनाशी झाली. कुणी किंचाळलं नाही. एका बाईनं पोराचे डोळे झाकले, आणि मग तिनं स्वतःचेही झाकले.

टेकडीच्या चहूबाजूंना पाणी होतं, पण चार पायऱ्या खाली. प्रथमेश वडिलांना फोन लावत होता. पुन्हा पुन्हा लावत होता. शालनताईंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, तो त्यानं झटकला नाही आणि मागं वळूनही पाहिलं नाही.

तीन दिवसांनी पाणी ओसरलं. नदी मात्र परत वळणात गेली नाही. आता तिची वाट माळावरूनच होती. निम्म्याहून जास्त घरं वाहून गेली, उरलेल्यांत कमरेएवढी वाळू. गावातली पाच माणसं गेली. हिंदुराव त्यांतले एक. ते खाली, दुसऱ्या गावच्या बंधाऱ्यापाशी सापडले. एवढ्या मोठ्या पुरात पाचच, असं वर्तमानपत्रांनी लिहिलं. इशारा यंत्रणेचं कौतुक झालं.

समीनाचा फोन आला तेव्हा ती नीट बोलू शकत नव्हती.

"चौदा टक्के होतं काकू. म्हणजे शहाऐंशी टक्के काही होणार नव्हतं."

"मग यंत्र बरोबर होतं की चूक?"

"तसं विचारता येत नाही."

"हिंदुरावांनी मला विचारलं, तू निघाली होतीस का," शालनताई म्हणाल्या. "मी निघाले नव्हते. आमचे हे आले नसते, तर मी पण तिथंच असते. मग आख्खं गाव तिथंच असतं."

"ते कशामुळे आले?" समीनानं विचारलं. "त्यांना काही दिसलं होतं?"

"नाही. जेवायला बोलवायला आले होते."

प्रथमेशनं दिवस घातले त्या दिवशी शालनताई गेल्या. तो म्हणाला, "तुम्ही धरून आणलं असतं तर ते आले असते." मग थोड्या वेळानं, "मीच आणायला हवं होतं," असंही म्हणाला. दोन्ही वेळा शालनताईंनी फक्त मान हलवली.

आता टेकडीवर पंधरा-वीस कुटुंबं ताडपत्र्यांखाली राहत होती, बाकीची तालुक्याच्या छावणीत. शालनताई घरातच होत्या. माळावर परत जायला त्यांचं घर उरलं नव्हतं. कुणी काही ठरवलं नाही, कुणी विचारलंही नाही. आनंदरावांनी एके दिवशी भिंतीतली एक खुंटी मोकळी केली, तिथं शालनताईंनी त्यांची पिशवी अडकवली.

आठवड्यानंतर सकाळी जिल्ह्याची गाडी आली. दोन अधिकारी चिखलातून वर चढून आले. प्रस्ताव आता तातडीनं मंजूर झाला होता. तिसऱ्या गावासाठी तीन जागा सुचवल्या होत्या. लोक कुणाचंच ऐकायच्या मनःस्थितीत नव्हते. लोकांना समजावू शकेल असं एकच माणूस आहे, असं सगळ्यांनी अधिकाऱ्यांना सांगितलं होतं.

शालनताई आतल्या खोलीत कॉटवर पडल्या होत्या. ओसरीवरचं सगळं बोलणं त्यांना ऐकू येत होतं. त्यांनी उठायला हात टेकला. पदर खांद्यावर ओढला. मग हात तसाच ठेवून त्या थांबल्या.

"ताई घरात आहेत ना?" एक अधिकारी विचारत होता. "फक्त दहा मिनिटं. त्यांचा अनुभव फार मोलाचा आहे आम्हाला."

"हाय की घरात," आनंदरावांचा आवाज आला. "झोपलीय."

"मग आम्ही थांबतो. उठवाल का?"

"न्हाई उठवणार."

"काका, कामच तसं आहे—"

"बसा तुम्ही. पायजे तर जेवून जा. पण तिला न्हाई उठवणार."

शालनताईंनी टेकलेला हात सोडला आणि पुन्हा उशीवर डोकं ठेवलं. खिडकीतून लख्ख ऊन आत आलं होतं. बाहेर ताटं मांडल्याचा आवाज झाला, आणि त्यांचा डोळा लागला.